घटनाकार डॉ. भीमराव आंबेडकर

१४ एप्रिल १८९१ रोजी इंदूरजवळील महूच्या लष्करी छावणीत सुभेदार रामजी सकपाळ यांच्या घरी भीमरावांचा जन्म झाला. घराणे मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातील आंबडवे गावचे, जातीने महार. त्यामुळे शाळेत भीमरावांस इतर मुलांपासून दूर, घरून आणलेल्या गोणपाटावर बसावे लागे. शिपायाने नळाची तोटी सोडली, तरच त्यांची तहान भागे.

अशा या बुद्धिमान मुलास बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी आधार दिला. त्यांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली भीमराव न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले आणि करारानुसार १९१७ साली बडोद्यास नोकरीवर रुजू झाले. परंतु महाराजांच्या या विद्वान अधिकाऱ्यास शहरात कोणी जागा देईना. नाव बदलून ते एका पारशी विश्रामगृहात उतरले. जात कळताच लाठ्या घेऊन आलेल्या लोकांनी त्यांना तेथून घालविले. राजा उदार होता, पण त्याचे औदार्य प्रजेच्या वर्तनात उतरले नव्हते.

महाडचे चवदार तळे नगरपालिकेने ठराव करून सर्वांस खुले केले होते; तरी अस्पृश्यांस तेथे पाणी मिळत नव्हते. २० मार्च १९२७ रोजी आंबेडकरांनी आपल्या अनुयायांसह ते पाणी प्राशन केले. विरोधकांनी दावा लावला. मुंबई उच्च न्यायालयाचा अंतिम निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागण्यास १९३७ साल उजाडले. ओंजळभर पाण्यासाठी दहा वर्षे!

कृपा देणाऱ्याच्या मर्जीवर अवलंबून असते. हक्क मात्र मागून घेता येतो. असे हक्क सांगणारा आणि कायदे करणाऱ्यांनाही बांधून ठेवणारा देशाचा मूलभूत कायदा म्हणजे राज्यघटना. २९ ऑगस्ट १९४७ रोजी घटना समितीने मसुदा समिती नेमली व आंबेडकर तिचे अध्यक्ष झाले. प्रकृती साथ देत नसतानाही त्यांनी सभागृहात एकेका कलमाचे समर्थन केले. २६ नोव्हेंबर १९४९ रोजी ३९५ कलमांची घटना स्वीकृत झाली आणि २६ जानेवारी १९५० पासून ती पूर्णपणे अमलात आली. तिच्या १७ व्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली. हक्क डावलला गेल्यास थेट सर्वोच्च न्यायालयाचे दार ठोठावण्याचा अधिकार ३२ व्या कलमाने दिला. याच कलमास ते घटनेचा आत्मा मानीत.

६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले. घटना कितीही चांगली असली, तरी ती राबविणारी माणसे चांगली हवीत, असे त्यांनी देशास बजावले होते. विद्यार्थी मित्रहो, ती माणसे उद्या तुम्हीच असणार आहात. आपल्या शेजारी बसलेल्या मुलास आपण कसे वागवितो, येथूनच त्या कामास प्रारंभ होतो.