वकील गांधी आणि बंदरातील आठशे प्रवासी

वाचकहो, आपल्याच विदर्भातील सेवाग्रामात १९३६ साली राहावयास आलेले महात्मा गांधी आपणांस ठाऊक आहेत. परदेशातून घालवून दिल्या जाणाऱ्यांचे वकील म्हणूनही त्यांची ओळख करून घ्या.

१८९३ साली दादा अब्दुल्ला शेठ यांच्या पेढीच्या दाव्यासाठी ते दक्षिण आफ्रिकेत गेले. डिसेंबर १८९६ मध्ये 'कुरलँड' व 'नादरी' ही जहाजे सुमारे ८०० हिंदी प्रवाशांसह दरबानला पोहोचली. गांधी सहकुटुंब त्यांत होते. मुंबईच्या प्लेगचे निमित्त करून जहाजे अडविण्यात आली. प्रवाशांना परत धाडा, म्हणून गोऱ्यांनी शेठजींस धमक्या दिल्या, भरपाईचे आमिषही दाखविले. शेठजी डगमगले नाहीत. अखेर १३ जानेवारी १८९७ रोजी प्रवासी उतरले. गांधींना मात्र जमावाने मारले. तरी त्यांनी फिर्याद केली नाही.

पुढे ट्रान्सवालात हिंदी लोकांवर नोंदणीची सक्ती झाली. ती नाकारणाऱ्यांना देश सोडण्याचे हुकूम निघू लागले, तेव्हा गांधी कोर्टात त्यांच्या बाजूने उभे राहिले. तोच हुकूम त्यांनाही मिळाला. तो न पाळल्याने जानेवारी १९०८ मध्ये त्यांना दोन महिन्यांची कैद झाली.

आपल्या घरी कोणी कायदा शिकत असेल, तर त्यास ही हकीकत अवश्य सांगा.