सत्येंद्रनाथ बोस: ढाक्याचं एक पत्र आणि चिपवरचे थंडगार अणू

नाणेघाट चढून घाटघरला पोहोचलात की कोकणातल्या पायथ्यापेक्षा गुरुत्वाकर्षण किंचित कमी झालेलं असतं. फरक दहा हजारांत एखाद-दोन भागांचा! मोबाईलच्या सेन्सरला तो नीट पकडता येत नाही. पण अतिथंड अणूंचे सेन्सर याहून हजारो पटींनी बारीक फरक टिपतात. त्यातल्या काहींमध्ये हे अणू चक्क चिपवर पकडलेले असतात. त्यामागच्या गणिताची सुरुवात केली सत्येंद्रनाथ बोस यांनी.

मोजण्याची नवी रीत

बोस यांचा जन्म १ जानेवारी १८९४ चा, कोलकात्यातला. एमएस्सीला ते पहिले आले आणि १९२१ मध्ये ढाका विद्यापीठात शिकवायला गेले. तिथे प्रकाशकणांचा हिशेब करताना त्यांनी मोजण्याची रीतच बदलली.

दोन नाणी उडवली तर आपण चार शक्यता मोजतो: छापा-छापा, छापा-काटा, काटा-छापा, काटा-काटा. बोस यांच्या हिशेबात कण इतके तंतोतंत सारखे, की मधल्या दोन शक्यता एकच. उरल्या तीन. म्हणजे दोघं एकाच बाजूला असण्याची शक्यता निम्म्यावरून दोन-तृतीयांशावर गेली. थोडक्यात, असे कण घोळक्याने राहतात.

हा लेख इंग्लंडमध्ये छापून आला नाही. मग जून १९२४ मध्ये बोस यांनी तो थेट आईन्स्टाईनना पाठवला. आईन्स्टाईननी स्वतः जर्मन अनुवाद करून तो छापून आणला आणि तेच गणित अणूंना लावलं. निष्कर्ष असा, की प्रचंड थंडीत असे अणू एकाच अवस्थेत गोळा होतील.

पुढचं आयुष्य

पीएचडी नसतानाही बोस ढाक्यात प्राध्यापक झाले. विज्ञान मातृभाषेतूनच पोहोचावं म्हणून १९४८ मध्ये त्यांनी बंगीय विज्ञान परिषद स्थापन केली. १९५४ मध्ये पद्मविभूषण मिळालं, नोबेल मात्र कधीच नाही. ४ फेब्रुवारी १९७४ रोजी ते गेले.

अणूंचा तो घोळका प्रयोगात दिसला १९९५ मध्ये, अमेरिकेत. २००१ मध्ये त्यासाठी तिघांना नोबेल मिळालं, आणि त्याच वर्षी जर्मनीत तो घोळका चिपवर तयार झाला.

चिप चालते कशी?

चिपवर धातूच्या बारीक तारा असतात. त्यांतून वीज सोडली की चुंबकीय क्षेत्र तयार होतं. ते जिथे सर्वांत कमी, तिथे अणू अडकतात. निर्वातात, चिपला न टेकता, अगदी तरंगत! आधी लेझरने गारवा, मग जास्त तापलेले अणू निसटू द्यायचे. वाफ गेली की चहा निवतो, तसंच.

आता सगळे अणू एकाच लाटेसारखे वागतात. या लाटेचे दोन भाग करून पुन्हा जुळवले, की गुरुत्वाकर्षणातला बारीक बदलही जुळलेल्या लाटेत उमटतो.

२०१८ पासून अशी चिप अंतराळ स्थानकात आहे. भारताच्या राष्ट्रीय क्वांटम मिशनचं सेन्सिंग केंद्र आयआयटी मुंबईत आहे. आणि सारख्या कणांच्या त्या अख्ख्या जातीला जगभर ‘बोसॉन’च म्हणतात.