खराट्यापलीकडचे गाडगेबाबा

परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात बाहेरगावाहून येणाऱ्या कर्करुग्णांपैकी अनेकांना रुग्णालयातली खाट लागत नाही. त्यांना लागते ती रुग्णालयाबाहेर पाठ टेकण्यापुरती जागा. रेडिएशन आठवड्यातून पाच दिवस, असे कित्येक आठवडे चालते. केमोथेरपीची एक फेरी झाली की पुढच्या फेरीसाठी बहुधा तीन आठवडे थांबावे लागते. प्रत्येक वेळी गावी परतणे अशक्य आणि मुंबईत खोली घेणे त्याहून अशक्य. मग कुणी जेरबाई वाडिया मार्गाच्या पदपथावर पथारी पसरतो, तर कुणाला दादर पूर्वेच्या धर्मशाळेत जागा मिळते. त्या धर्मशाळेला नाव आहे संत गाडगे महाराजांचे.

गाडगेबाबा म्हटले की खराटा आठवतो. २००० नंतर राज्यभर राबविल्या गेलेल्या ग्रामस्वच्छता अभियानाने तो घरोघरी पोहोचवला, हे चांगलेच झाले. पण त्या खराट्याच्या आड बाबांनी उभ्या केलेल्या इमारती मात्र झाकल्या गेल्या.

अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे २३ फेब्रुवारी १८७६ रोजी एका परीट कुटुंबात डेबूजी झिंगराजी जानोरकर यांचा जन्म झाला. दारूने वडिलांचा घास घेतला तेव्हा डेबू लहान होता. आई सखुबाई त्याला घेऊन माहेरी, दापुऱ्याला आली. तेथे गुरे राखणारा हा मुलगा पुढे कसलेला शेतकरी झाला. पण सावकाराच्या कागदापुढे त्याच्या मामाचे घरही टिकले नाही. निरक्षरता, व्यसन आणि कर्ज यांविरुद्ध बाबा पुढे आयुष्यभर कीर्तनातून बोलत राहिले. या तिन्ही गोष्टी त्यांनी घरातच पाहिल्या होत्या.

१ फेब्रुवारी १९०५ रोजी पत्नी कुंताबाई, आई आणि मुले यांना मागे ठेवून त्यांनी घर सोडले. अंगावर चिंध्यांचा सदरा, डोक्यावर मातीचे गाडगे, हाती खराटा. ज्या गावी जायचे ते गाव आधी झाडायचे आणि रात्री कीर्तन करायचे. १९२३ मध्ये कोकणात खारेपाटण येथे कीर्तन सुरू असताना मुलगा गोविंद गेल्याची वार्ता त्यांना कळली. कीर्तन थांबले नाही. घरच्यांच्या वाट्याला आलेला हा विरागीपणा आजच्या वाचकाला कठोर वाटेल, आणि तो कठोर होताच.

त्यांच्या कीर्तनाला लोटणाऱ्या गर्दीतून देणग्या येत. बाबांनी तो पैसा स्वतःकडे ठेवला नाही, देवळेही बांधली नाहीत. बांधल्या त्या धर्मशाळा. १९१७ मध्ये पंढरपूरला चोखामेळा धर्मशाळा उभी राहिली, कारण वारीला आलेल्या अस्पृश्य भाविकाला विठ्ठलाच्या गावात छप्पर नव्हते. ही वास्तू त्यांनी पुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली. नाशिक, आळंदी, देहू येथेही धर्मशाळा झाल्या. या सर्व जागा तीर्थक्षेत्री होत्या.

१९५४ मध्ये मात्र बाबांनी वेगळे ठिकाण निवडले. मुंबईत जे. जे. रुग्णालयाच्या रुग्णांच्या नातेवाइकांसाठी त्यांनी धर्मशाळा बांधली. वॉर्डात रुग्णाची सोय होते. पण त्याच्यासोबत आलेली बायको, म्हातारा बाप, कडेवरचे मूल यांनी रात्र कुठे काढायची, हा प्रश्न रुग्णालयाच्या आराखड्यात नसतो. वारकऱ्याप्रमाणेच आजाऱ्याचे माणूसही परगावी उघड्यावर पडते, हे ओळखायला बाबांना कोणत्याही अहवालाची गरज पडली नाही. त्यांचे स्वतःचे बहुतेक आयुष्य असेच परगावी गेले होते. पंढरपूरहून जे. जे.पर्यंतचा हा प्रवास त्यांच्या चरित्रात दोन ओळींत उरकला जातो. वास्तविक त्यांच्या कार्याला मिळालेले सर्वांत मोठे वळण तेच असावे.

संस्थांचा कारभार आपल्यानंतर चालावा म्हणून १९५२ मध्ये गाडगेबाबा मिशनची स्थापना झाली होती. नात्यागोत्यातल्यांना त्यात हक्क राहणार नाही, याची काळजी बाबांनी घेतली. स्वतःला कुणाचा गुरू म्हणवून घेणेही त्यांनी टाळले. ८ नोव्हेंबर १९५६ रोजी वांद्रे पोलीस ठाण्यात त्यांचे अखेरचे कीर्तन झाले. डॉ. आंबेडकरांच्या निधनानंतर अवघ्या चौदा दिवसांनी, २० डिसेंबर १९५६ रोजी, अमरावतीच्या वाटेवर वलगावजवळ पेढी नदीच्या परिसरात त्यांनी देह ठेवला.

टाटा रुग्णालय १९४१ मध्येच सुरू झाले होते. पण तेथील रुग्णांचा मोठा आधार ठरलेली दादरची धर्मशाळा उभी राहिली ती बाबांच्या पश्चात, १९८० च्या दशकात. येथे खराट्यालाही निराळा अर्थ येतो. केमोथेरपीने रक्तातील पांढऱ्या पेशी घटतात, साधा जंतुसंसर्गही जिवावर बेतू शकतो. अशा रुग्णासाठी झाडलेली खोली, स्वच्छ पाणी आणि ताजे शिजवलेले अन्न हा उपचाराचाच भाग असतो. पदपथावर यातले काहीच मिळत नाही आणि औषधाचा एक महागडा डोस तापाच्या एका रात्रीत वाया जाऊ शकतो.

बाबांच्या अमरावतीहून सायंकाळी सुटणारी एक्स्प्रेस भल्या पहाटे दादरला थांबते. हातात तपासण्यांची फाईल, खांद्याला पिशवी आणि सोबत घरचे एखादे माणूस, अशी चार-दोन कुटुंबे त्या गाडीतून उतरतात आणि पूर्वेचा जिना चढू लागतात.