विश्लेषण : कार्ल मार्क्स यांची गळवे ही नुसती गळवे नव्हती?

‘दास कॅपिटल’चे लेखक कार्ल मार्क्स अनेक वर्षे गळवांनी हैराण होते. त्यांच्या मृत्यूनंतर सव्वाशे वर्षांनी एका त्वचारोगतज्ज्ञाने या दुखण्याचे वेगळेच निदान केले. ते काय होते आणि आज ते जाणून घेणे का गरजेचे आहे?

मार्क्स यांना नेमका त्रास काय होता?
१८१८ मध्ये प्रशियातील ट्रीअर येथे जन्मलेले मार्क्स १८४९ पासून लंडनमध्ये राहत होते. नोव्हेंबर १८६३ मध्ये त्यांच्या पाठीवर मोठी काळपुळी झाली आणि डॉक्टरांना ती कापावी लागली. पण त्रास तिथे थांबला नाही. काख, जांघ, मांड्यांची आतली बाजू अशा ठिकाणी गळवे पुन्हा पुन्हा उठत राहिली. बसणे अशक्य झाले की ते उभ्याने लिहीत.

उपचार काय झाले?
गळवांमागे जिवाणू असू शकतात, हे तेव्हा डॉक्टरांना माहीत नव्हते. स्टॅफिलोकोकस हा जिवाणू पुवात सापडला तो १८८० मध्ये, स्कॉटिश सर्जन अलेक्झांडर ऑगस्टन यांना. त्यामुळे मार्क्स यांना पोटीस, पोर्ट वाइन आणि १८६६ मध्ये चक्क आर्सेनिक देण्यात आले. त्याच वर्षी वैतागून त्यांनी एक गळू स्वतःच वस्तऱ्याने कापले. मग ते हवापालटासाठी मार्गेटच्या समुद्रकिनारी गेले. अखेर सप्टेंबर १८६७ मध्ये ‘दास कॅपिटल’चा पहिला खंड हॅम्बुर्गमधून प्रसिद्ध झाला.

नवे निदान कोणते?
ब्रिटिश त्वचारोगतज्ज्ञ सॅम शूस्टर यांनी मार्क्स यांची पत्रे तपासून २००७ मध्ये ‘हायड्राडेनायटिस सप्युराटिव्हा’ या आजाराची शक्यता मांडली. यात केसांच्या मुळाशी असलेली नलिका बंद होते, आतल्या आत फुटते आणि दाह सुरू होतो. पुढे त्वचेखाली बोगद्यासारखे मार्ग तयार होतात, व्रण राहतात. हे निदान पत्रांवरून केलेले आहे, तपासणीने सिद्ध झालेले नाही. मात्र गळवांच्या जागा आणि त्यांचे वारंवार उठणे या आजाराशी जुळते. या आजाराला फ्रान्समध्ये १८५४ मध्येच नाव मिळाले होते, तरी मार्क्स यांच्या डॉक्टरांनी तो ओळखला नाही. धूम्रपानाशी त्याचा संबंध आढळतो आणि मार्क्स सतत सिगार ओढत.

साधे गळू आणि हा आजार कसा ओळखायचा?
साधे गळू बहुधा एकदाच येते. गरम पाण्याच्या शेकाने ते पिकून फुटते किंवा डॉक्टर पू काढतात. ते घरी दाबू किंवा कापू नये. ताप आला, लाली पसरली किंवा गळू चेहऱ्यावर असेल, तर लगेच डॉक्टरांकडे जावे. गळवे वारंवार होत असतील तर रक्तातील साखरही तपासावी.

काखमांजरी किंवा जांघेतील गळू त्याच भागात पुन्हा पुन्हा येत असेल, तर ‘उष्णता झाली’ म्हणून सोडून देऊ नये. हा आजार अस्वच्छतेमुळे होत नाही आणि संसर्गजन्यही नाही. तरीही जागा अवघड असल्याने अनेक जण लाजेपोटी वर्षानुवर्षे गप्प राहतात.

आज उपचार आहेत का?
पूर्ण बरे होण्याची खात्री नसली, तरी प्रतिजैविके, दाह रोखणारी जैविक इंजेक्शने आणि शस्त्रक्रियेने आजार आटोक्यात ठेवता येतो. धूम्रपान सोडणे आणि वजन कमी करणे यांचाही फायदा होतो. १४ मार्च १८८३ रोजी लंडनमध्ये निधन झालेल्या मार्क्स यांच्या वाट्याला यापैकी एकही औषध आले नाही. आजच्या रुग्णाला मात्र त्यासाठी त्वचारोगतज्ज्ञांकडे वेळेत जाणे पुरेसे आहे.