तिरंगा उभारला म्हणून अटक! कोण होते स्वामी रामानंद तीर्थ?

15 ऑगस्ट 1947. दिल्लीत तिरंगा फडकला. नांदेड-लातूरवर मात्र निजामाचा पिवळा आसफजाही झेंडाच होता. त्याच दिवशी हैदराबादेत तिरंगा उभारल्याबद्दल स्वामी रामानंद तीर्थ यांना अटक झाली. एका झेंड्याची सरकारला एवढी धास्ती का होती?

दोन झेंड्यांचा अर्थ काय?

आसफजाही झेंड्याच्या मधोमध पांढरे वर्तुळ होते. ते कुलच्याचे, म्हणजे गोल रोटीचे. दंतकथा अशी की, एका सूफी संताने पहिल्या निजामाला कुलचे खाऊ घातले. त्याने सात खाल्ले, म्हणून घराणे सात पिढ्या राज्य करील, असा आशीर्वाद मिळाला. 1947 मध्ये गादीवर सातवे निजाम मीर उस्मान अली खान होते.

तिरंग्यावर कोणत्याही घराण्याची खूण नव्हती. केशरी रंग त्यागाचा, पांढरा सत्याचा, हिरवा मातीशी असलेल्या नात्याचा. मध्ये अशोकचक्र, आणि कापड हातमागावरच्या खादीचे. राज्य घराण्याचे नसून लोकांचे, हाच त्याचा अर्थ. निजामाच्या राजवटीला तोच नको होता.

शिक्षक ते सेनानी

स्वामीजींचा जन्म 3 ऑक्टोबर 1903 रोजी सिंदगी येथे झाला. मूळ नाव व्यंकटेश खेडगीकर. कामगार चळवळीत काम केल्यानंतर ते हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत शिक्षक झाले. पुढे संन्यास घेतला आणि अंबाजोगाईत शाळा उभी केली. 1938 मध्ये हैदराबाद स्टेट काँग्रेसच्या सत्याग्रहात उतरले, तुरुंगात गेले.

7 ऑगस्ट 1947 रोजी स्टेट काँग्रेसने भारतात विलीन होण्याच्या मागणीचा दिवस पाळला. आठवडाभरातच स्वामीजींना अटक झाली. मध्ये सुटका झाली, पण पुन्हा अटक झाली. सप्टेंबर 1948 मध्ये पोलीस कारवाई होऊन 17 तारखेला निजामाने शरणागती पत्करली, त्यानंतरच ते कायमचे सुटले.

नंतर काय केले?

स्वामीजी लोकसभेवर निवडून गेले, पण शाळेचे वेड सुटले नाही. 1950 मध्ये त्यांच्या पुढाकाराने नांदेडला पीपल्स कॉलेज सुरू झाले. 22 जानेवारी 1972 रोजी त्यांचे निधन झाले. नांदेडच्या विद्यापीठाला आज त्यांचेच नाव आहे; लातूर जिल्ह्यातली महाविद्यालयेही त्याच्याशी जोडलेली आहेत.

दर 17 सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, नांदेड-लातुरात ध्वजवंदन होते. देशभर एकदाच साजरा होणारा स्वातंत्र्याचा दिवस इथे दोनदा का येतो, याचे उत्तर या आयुष्यात आहे.