अण्णासाहेब आणि त्यांची मंडळी

हिवाळ्याचे दिवस आले की घोडनदीकाठच्या शिरूरला आणि भीमेकाठच्या दौंडला महाविद्यालयांतून स्नेहसंमेलनाचे वारे वाहू लागतात. वर्ग सुटले तरी काही विद्यार्थी घरी जात नाहीत. बाके भिंतीकडे सरकवून मधली जागा मोकळी केली जाते आणि तेथे नाटकाची तालीम सुरू होते. पहिल्या दिवशी प्रत्येकाला राजा व्हायचे असते. पडदा ओढायला कोणी तयार नसते. ज्याचा आवाज चांगला त्याला भाषणे पाठ होत नाहीत, आणि ज्याला सगळ्यांची भाषणे पाठ असतात त्याला लोकांपुढे उभे राहिले की घाम फुटतो. वाद होतात, रुसवेफुगवे होतात, एखादा हातातली वही टाकून निघूनही जातो. तरी संमेलनाची रात्र येते तेव्हा हीच मुले एकमेकांच्या चेहऱ्याला रंग लावताना दिसतात.

आपले आपण नाटक उभे करण्याची ही धडपड पुण्याच्या सरकारी कचेरीतील एका नोकराने 1880 साली केली. हाताशी अनुभवी नटांचा संच नव्हता, पदरी पैसा नव्हता, आणि जे नाटक करायचे होते तशा नाटकाची मराठीत रुळलेली वाट नव्हती. त्या गृहस्थाचे नाव बळवंत पांडुरंग किर्लोस्कर. सगळा महाराष्ट्र त्यांना अण्णासाहेब किर्लोस्कर म्हणून ओळखतो.

अण्णासाहेबांचा जन्म 31 मार्च 1843 रोजी बेळगावकडील गुर्लहोसूर या गावी झाला. योगायोग असा, की त्याच वर्षी सांगलीला विष्णुदास भावे यांनी ‘सीतास्वयंवर’ हे नाटक रंगभूमीवर आणले आणि मराठी नाटकाचा आरंभ झाला. मराठी नाटक आणि अण्णासाहेब हे असे एका वयाचे होते.

गुर्लहोसूर हा मुलूख कानडी. घरात मराठी आणि अंगणाबाहेर कानडी, अशा दोन भाषा बाळ बळवंताच्या कानावर जन्मापासून पडल्या. वयाच्या बाराव्या वर्षापर्यंत त्याचे शिक्षण घरीच झाले. त्याला संस्कृतची गोडी तेव्हापासून लागली. गाण्याचा कानही होता. एकदा ऐकलेली चाल त्याच्या मनात घर करून राही, मग ती मराठी पदाची असो वा कानडी. पुढे इंग्रजी शिकण्यासाठी त्याला कोल्हापूर, धारवाड अशा गावी राहावे लागले; आणि विशीच्या सुमारास तो पुण्याला आला.

पुणे त्या काळी विद्यार्थ्यांनी गजबजलेले होते. गावोगावची मुले तेथे येऊन राहत. नाटकमंडळ्यांचाही मुक्काम पुण्यात वरचेवर पडे. अण्णासाहेबांची पावले पुस्तकाकडून नाटकाकडे वळू लागली. ते मंडळ्यांना पदे रचून देत. मित्र जमवून त्यांनी एक नाटकमंडळीही काढली, पण ती फार काळ चालली नाही. अभ्यास मागे पडला आणि प्रवेशपरीक्षेत त्यांना यश आले नाही. नापास होणे ही काही मिरवण्याची गोष्ट नव्हे, आणि अण्णासाहेबांनीही ती कधी मिरवली नसेल. परंतु त्या वर्षांत त्यांनी नाटक फार जवळून पाहिले, आणि त्यातली उणीव त्यांच्या ध्यानात आली.

ती उणीव कोणती, हे समजण्यासाठी त्या वेळचे नाटक कसे असे ते पाहिले पाहिजे. नाटकाचा सारा भार सूत्रधारावर असे. तो आरंभी रंगभूमीवर येई, आणि कथेतील गाणी शेवटपर्यंत तोच गाई. राम असो, रावण असो, सीता असो, त्यांच्या मनातले सगळे सूत्रधाराच्या गळ्यातून बाहेर पडे. पात्रे त्या गाण्यावर हातवारे करीत, आणि गाणे संपले की प्रसंगाला शोभेल ते आपल्या मनाने बोलत. भाषणे लिहून पाठ केलेली नसत. सूत्रधार कसलेला असला तर नाटक रंगे. त्याचा घसा बसला तर नाटकही बसे. शेजारच्या पात्राने काय म्हटले, त्यावर आपण काय म्हणायचे, याचा फारसा विचार कोणी करीत नसे. एकाच रंगमंचावर दहा माणसे उभी असत, पण त्यांचे मिळून एक नाटक होत नसे.

पुणे सोडल्यावर अण्णासाहेबांनी बेळगावच्या शाळेत शिक्षकाची नोकरी केली. शाळेचे काम सांभाळून नाटकाचे वेड त्यांनी जपले. 1873 साली त्यांचे ‘शांकरदिग्जय’ हे गद्य नाटक प्रसिद्ध झाले. बेळगावच्या या दिवसांतच गोविंद बल्लाळ देवल हे तरुण त्यांच्या सहवासात आले. पुढे ‘शारदा’ नाटक लिहून कीर्ती मिळवणारे देवल ते हेच. त्यानंतर अण्णासाहेब महसूल खात्याच्या कचेरीत नोकरीला लागून पुन्हा पुण्यात आले. वय पस्तिशीच्या पुढे गेलेले, पाठीशी संसार, आणि सरकारी नोकरी. बहुतेकांच्या हौशी या वयात विझून जातात.

1880 साली पुण्यात एक पारशी मंडळी आली. ‘इंद्रसभा’ हे उर्दू नाटक ती करीत असे. त्यात पात्रे आपापली गाणी आपणच गात. अण्णासाहेबांनी तो खेळ पाहिला आणि त्यांच्या मनाने घेतले, की मराठीतही असे नाटक झाले पाहिजे. तमाशा रंगीबेरंगी असला म्हणजे झाले, एवढ्यावर मात्र ते थांबणारे नव्हते. त्यांनी उचलले ते कालिदासाचे ‘शाकुंतल’. संस्कृतातील अत्यंत नाजूक नाटक, आणि ते मराठीत गाऊन दाखवायचे!

लिहिण्याचे काम त्यांना जड गेले नाही. साकी, दिंडी, कामदा असे घराघरांत ठाऊक असलेले छंद त्यांनी घेतले. बायका दळताना म्हणत त्या चाली घेतल्या, लावणीच्या घेतल्या, लहानपणी ऐकलेल्या कानडी पदांच्याही घेतल्या. खरी अडचण पुढेच होती. सूत्रधाराच्या खांद्यावरचे ओझे काढले, तर ते उचलायचे कोणी? आता दुष्यंताने दुष्यंताचे गाणे गायला हवे होते, शकुंतलेने शकुंतलेचे. म्हणजे नुसता गवई चालणार नव्हता आणि नुसता बोलका माणूसही चालणार नव्हता. दोन्ही ज्याच्या ठायी आहे असा मनुष्य एखादाच सापडतो. नाटकाला तर बारा-पंधरा माणसे लागतात.

अण्णासाहेबांनी तयार माणसांची वाट पाहिली नाही. मोरोबा वाघोलीकर यांचा गळा गोड होता. त्यांना दुष्यंताचे काम दिले. (वाघोलीकर हे आडनाव ऐकून शिरूरच्या मुलांना पुण्याच्या वाटेवरचे वाघोली गाव आठवल्यावाचून राहणार नाही.) बाळकोबा नाटेकर हे तर गायक म्हणून नावाजलेले. कण्व ऋषीची भूमिका त्यांच्याकडे आली. स्त्रियांनी रंगभूमीवर येण्याची तेव्हा चाल नव्हती, म्हणून शकुंतला झाले शंकरराव मुजुमदार. सूत्रधाराचे काम अण्णासाहेबांनी स्वतःकडे ठेवले. ज्याची सत्ता त्यांना कमी करायची होती, तोच वेष त्यांनी स्वतः घेतला, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. त्यांच्या नाटकातला सूत्रधार आरंभी येतो, नाटकाची ओळख करून देतो, आणि पात्रांना जागा देऊन निघून जातो.

मग तालमी सुरू झाल्या. दिवसा नोकरी आणि नंतर नाटक, असा क्रम होता. या तालमींत प्रत्येकाला काही नवे शिकावे लागले. गवयाला सवय असते ती आपल्या लहरीप्रमाणे आलाप वाढवण्याची. येथे समोर दुसरे पात्र उभे असे, आणि पद संपताच त्याला बोलायचे असे. म्हणून गाणाऱ्याला थांबायला शिकावे लागले. बोलणाऱ्याला आता मनाचे बोलून चालत नव्हते. लिहिलेले वाक्य लिहिल्याप्रमाणेच म्हणावे लागे. ते चुकले तर पुढच्या पात्राचा धागा तुटे. तबला-सारंगीवाल्यांना गाण्याबरोबर नाटकाकडेही लक्ष द्यावे लागे. दुष्यंत रागावला आहे की विरघळला आहे, हे वाजवणाऱ्याला कळले नाही तर ठेका भलताच पडणार! गाता येते त्याने गाण्याच्या जागा सांगाव्या, बोलता येते त्याने उच्चार सुधारावे, अशी ही शाळा होती. तिचे गुरुजी एकच नव्हते.

तालमींना वेळ थोडा मिळाला आणि सात अंकांपैकी चारच अंक तयार झाले. संपूर्ण नाटक होईपर्यंत थांबावे, असे एखाद्याने म्हटले असते. अण्णासाहेबांनी चार अंकच लोकांपुढे मांडायचे ठरवले. 31 ऑक्टोबर 1880 रोजी पुण्याच्या आनंदोद्भव नाट्यगृहात ‘संगीत शाकुंतल’चा पहिला प्रयोग झाला. चौथा अंक म्हणजे शकुंतला सासरी निघते तो. कण्वांचा आश्रम, पाणावलेले डोळे, पदराला ओढणारे हरिणाचे पाडस. अर्धेच नाटक, पण ते अशा ठिकाणी थांबले की पुढचे पाहण्याची ओढ लागावी. पुणेकरांना हे नाटक फार आवडले. उरलेले अंक लिहून होताच सातही अंकांचे प्रयोग सुरू झाले.

हौसेसाठी जमलेल्या माणसांची आता किर्लोस्कर नाटक मंडळी झाली. कचेरी सुटली आणि मुक्कामामागून मुक्काम सुरू झाले. नाटकमंडळीचा प्रवास त्या काळी सोपा नव्हता. पुण्याहून नगरकडे निघालेल्या मंडळीच्या बैलगाड्या शिरूरला घोडनदी ओलांडून जात. 1878 साली दौंड–मनमाड लोहमार्ग सुरू झाला, तेव्हा पडदे, पेट्या आणि वेषांची गाठोडी आगगाडीने उत्तरेकडे नेण्याची सोय झाली. एका मुक्कामी सर्वांचे जेवण एका पंक्तीला, झोप एका ओसरीवर. ज्यांना एकमेकांशी पटवून घेता येत नाही, त्यांची मंडळी अशा प्रवासात चार महिनेही टिकत नाही.

1882 साली या मंडळीत बडोद्याचा एक तरुण आला. त्याचे नाव भाऊराव कोल्हटकर. वय अवघे एकोणीस, रूप देखणे आणि आवाज असा की ऐकणाऱ्याने भान विसरावे. त्याला नायिकेची कामे द्यावी हे उघडच होते. पण मग आजवर शकुंतला होणाऱ्या शंकरराव मुजुमदारांचे काय? आपल्या महाविद्यालयीन तालमीत असा प्रसंग आला, तर काय होते ते तुम्ही जाणताच. शंकररावांनी शकुंतलेचे लुगडे भाऊरावांच्या स्वाधीन केले आणि मंडळी मात्र सोडली नाही. पुढे ते मंडळीच्या व्यवस्थेत शिरले आणि तिचे चालक झाले. टाळ्या पडतात ती जागा सोडून हिशेबाच्या वहीपाशी बसणे किती कठीण असेल, याची कल्पनाच केलेली बरी.

भाऊरावांचा गळा हाताशी आल्यावर अण्णासाहेबांनी ‘सौभद्र’ लिहिले. त्याचे पहिले तीन अंक 18 नोव्हेंबर 1882 रोजी पुण्यात झाले. सर्व नाटक पुढील वर्षी रंगभूमीवर आले. अर्जुन आणि सुभद्रा यांचे एकमेकांवर प्रेम आहे. बलराम मात्र बहिणीला दुर्योधनाच्या घरी द्यायला निघाला आहे. आणि श्रीकृष्ण हसत हसत सारे डाव फिरवतो, अशी ही कथा. ‘शाकुंतल’ला कालिदासाचा आधार होता. येथे रचना अण्णासाहेबांची स्वतःची होती, आणि ती लिहिताना त्यांच्या डोळ्यांपुढे आपलीच माणसे होती. मोरोबा अर्जुन झाले, बाळकोबा नारद, भाऊराव सुभद्रा. ज्याचा जो गुण, त्याला शोभेल असे पद. त्यातले देव आणि राजे आपल्याच वाड्यातल्या माणसांसारखे बोलतात, रुसतात, थट्टा करतात. अण्णासाहेबांच्या नाटकांत हे सर्वांत सरस म्हटले पाहिजे. आजही ते रंगभूमीवर येते.

तिसरे नाटक ‘रामराज्यवियोग’. 20 ऑक्टोबर 1884 रोजी त्याचे तीन अंक रंगभूमीवर आले. सुभद्रेच्या रूपाने लोकांना वेड लावणाऱ्या भाऊरावांनी या नाटकात मंथरेची भूमिका केली. देखण्या नायिकेचा मुकुट उतरवून कुबड्या दासीचे सोंग घ्यायचे! पण नाटकाला मंथरा हवी होती, आणि ती भाऊरावांइतकी चांगली दुसरा कोणी करू शकत नव्हता.

मागच्या दोन नाटकांप्रमाणे याचेही उरलेले अंक यथावकाश लिहून होतील, अशी सर्वांची समजूत होती. तसे घडले नाही. अण्णासाहेबांची प्रकृती ढासळत गेली. ते गुर्लहोसूरला गेले आणि 2 नोव्हेंबर 1885 रोजी तेथेच त्यांचा अंत झाला. वय बेचाळीस वर्षांचे. ‘शाकुंतल’च्या पहिल्या प्रयोगाला नुकतीच पाच वर्षे पूर्ण झाली होती. ‘रामराज्यवियोग’ अपुरे राहिले.

जुन्या पद्धतीच्या मंडळीचा सूत्रधार गेला असता, तर दुसऱ्या दिवशी तिच्या पेट्या बंद झाल्या असत्या. किर्लोस्कर मंडळीचे प्रयोग चालू राहिले. मोरोबा आणि बाळकोबा गात होते, भाऊरावांचे नाव सर्वत्र गाजत होते. देवलांनी नाटके लिहून दिली आणि नटांना शिकवण्याचे कामही केले. 1899 साली त्यांचे ‘शारदा’ याच मंडळीने रंगभूमीवर आणले. 1901 साली भाऊराव गेले. तेव्हाही मंडळी थांबली नाही. 1905 साली नारायण राजहंस नावाचा एक कोवळा मुलगा तिच्यात दाखल झाला, आणि बालगंधर्व या नावाने त्याने शकुंतलेचा वेष घेतला.

त्याच्या आदल्याच वर्षी, 1904 साली, अण्णासाहेबांचे चरित्र प्रसिद्ध झाले होते. ते लिहिले होते मंडळीच्या पहिल्या शकुंतलेने, शंकरराव मुजुमदारांनी.