सीताफळाच्या कुळातून कर्करोगाच्या संशोधनाकडे

भारतातील कर्करोग संशोधनाच्या पहिल्या पिढीत डॉ. कमल जयसिंग रणदिवे यांचे स्थान अग्रभागी आहे. मुंबईच्या प्रयोगशाळेत घडलेल्या या शास्त्रज्ञ विदुषीने आयुष्याच्या उत्तरार्धातील बराचसा काळ अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातील अकोले तालुक्याच्या आदिवासी पाड्यांना दिला. वनस्पतींपासून कर्करोगावर औषध शोधण्याचे प्रयत्न जगभर सुरू असताना त्यांच्या कार्याचे स्मरण अधिकच उपयुक्त ठरते.

कमलताईंचा जन्म ८ नोव्हेंबर १९१७ रोजी पुण्यात झाला. माहेरचे आडनाव समर्थ. वडील दिनकर दत्तात्रेय समर्थ हे फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्राचे प्राध्यापक होते. मुलींनी शिकलेच पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. हुजूरपागेतील शालेय शिक्षणानंतर कमलताईंनी डॉक्टर व्हावे, अशी वडिलांची इच्छा होती. पण त्यांचा ओढा जीवशास्त्राकडे होता. फर्ग्युसनमधून वनस्पतिशास्त्र व प्राणिशास्त्र घेऊन त्या पदवीधर झाल्या. पुढे पुण्याच्या कृषी महाविद्यालयात संशोधन करून १९४३ मध्ये त्यांनी एम. एस्सी. केले. विषय होता सीताफळाच्या कुळातील, म्हणजे ॲनोनेसी वर्गातील वनस्पतींचे पेशीआनुवंशशास्त्र.

१९३९ मध्ये गणितज्ञ ज. त्र्यं. रणदिवे यांच्याशी विवाह झाल्यावर त्या मुंबईला आल्या. पतीच्या भक्कम पाठिंब्याने त्यांचे संशोधन संसाराबरोबर सुरू राहिले. टाटा मेमोरियल रुग्णालयात विख्यात विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी उंदरांमधील स्तनाच्या कर्करोगाचा अभ्यास केला आणि १९४९ मध्ये मुंबई विद्यापीठाची पीएच. डी. मिळवली. आनुवंशिकता, संप्रेरके आणि विषाणू यांचा रोगाशी असलेला संबंध हा त्यांच्या आयुष्यभराच्या संशोधनाचा गाभा ठरला.

पुढील प्रशिक्षणासाठी त्या अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात डॉ. जॉर्ज गे यांच्या प्रयोगशाळेत गेल्या. मानवी कर्करोगाच्या पेशी शरीराबाहेर अखंड वाढवण्यात पहिले यश १९५१ मध्ये याच प्रयोगशाळेला मिळाले होते. ऊतिसंवर्धनाचे हे तंत्र आत्मसात करून त्या मायदेशी परतल्या आणि परळच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात त्यांनी ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा उभारली. पेशी वाढवण्यासाठी लागणारी पोषक द्रव्ये परदेशातून मागवावी लागू नयेत, म्हणून साठच्या दशकाच्या आरंभी ती येथेच तयार करण्याचे काम त्यांनी हाती घेतले. १९६६ ते १९७० या काळात त्यांनी केंद्राच्या प्रभारी संचालकपदाची धुरा वाहिली. कुष्ठरोगाच्या जंतूंवरील संशोधनातही त्यांचा वाटा होता. १९८२ मध्ये त्यांना पद्मभूषण देऊन गौरवण्यात आले.

कमलताईंनी तरुणपणी ज्या कुळाचा अभ्यास केला, त्याचा पुढे कर्करोगाशी वेगळ्याच मार्गाने संबंध आला. या कुळातील वनस्पतींत ॲसिटोजेनिन नावाची संयुगे असतात. त्यांपैकी पहिले संयुग १९८२ मध्ये उजेडात आले. पेशीतील ऊर्जानिर्मिती रोखून ही संयुगे कर्करोगाच्या पेशी मारतात, असे प्रयोगशाळेत दिसले. पुरुषांच्या पुरःस्थ ग्रंथीच्या, म्हणजे प्रोस्टेटच्या कर्करोगपेशींवरही लक्ष्मणफळाच्या अर्काचे प्रयोग झाले. मात्र काचेच्या बशीतील पेशी मरणे आणि रुग्ण बरा होणे यांत मोठे अंतर आहे. ऊर्जा निरोगी पेशींनाही लागते. कॅरिबियन समुद्रातील ग्वादेलूप बेटावर या कुळातील फळे व पानांचा काढा नित्य घेणाऱ्यांमध्ये कंपवातासारखा मज्जाविकार आढळल्याचे १९९९ मध्ये संशोधकांनी नोंदवले. म्हणूनच पानांचा काढा हा उपचारांचा पर्याय ठरू शकत नाही.

याउलट, कसोट्यांची संपूर्ण वाट चाललेली वनस्पतिजन्य औषधेही आहेत. सदाफुलीतून विनब्लास्टिन व विनक्रिस्टिन मिळाली. यू वृक्षाच्या पानांतील द्रव्यावर प्रक्रिया करून डोसिटॅक्सेल तयार झाले; २००४ मध्ये अमेरिकेत ते प्रगत प्रोस्टेट कर्करोगासाठी मान्य झाले. पेशी, प्राणी आणि मग माणूस अशा पायऱ्या न गाळता चढल्यावरच ही मान्यता मिळते. यातील पहिल्या पायरीसाठी लागणारे कौशल्य भारतात रुजवणाऱ्यांत कमलताई होत्या. संप्रेरकांवरील त्यांचा भरही दूरदृष्टीचा होता. टेस्टोस्टेरॉन घटवल्यास प्रोस्टेटचा कर्करोग आटोक्यात येतो, हे चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ मध्ये दाखवले होते. त्याबद्दल त्यांना १९६६ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले.

१९७३ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय महिला वैज्ञानिक संघटनेच्या संस्थापकांमध्ये कमलताई अग्रणी होत्या. याच संघटनेच्या माध्यमातून त्या अकोले तालुक्यात पोहोचल्या. कळसूबाई आणि भंडारदऱ्याचा हा परिसर निसर्गाने समृद्ध. पण महादेव कोळी व ठाकर समाजातील मुलांच्या वाट्याला मात्र कुपोषण आलेले. सत्यनिकेतन या संस्थेच्या सहकार्याने त्यांनी येथील आदिवासी मुलांच्या पोषणस्थितीची पाहणी केली. स्त्रियांच्या आरोग्यासाठी शासकीय साहाय्याने प्रकल्प राबवले आणि गावातल्याच बायकांना आरोग्यसेविकेचे शिक्षण दिले. सूक्ष्मदर्शकाखाली पेशी न्याहाळणाऱ्या या विदुषीला आहार आणि आरोग्यशिक्षण हाही विज्ञानाचाच भाग वाटत होता.

२००१ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांनी उभारलेली परंपरा आज नवी मुंबईतील खारघर येथे टाटा स्मारक केंद्राच्या संशोधन संस्थेत सुरू आहे. कर्करोगाचे निदान झालेल्या घरात आजही कुणी ना कुणी एखाद्या झाडपाल्याचे नाव सुचवते. त्यामागची आशा समजण्यासारखी आहे. तरीही त्या नादात डॉक्टरांचे उपचार थांबवणे जिवावर बेतू शकते. वनस्पतीविषयी कुतूहल बाळगावे, पण तिच्या गुणांचा निवाडा पुराव्यानेच करावा, हाच कमलताईंच्या जीवनकार्याचा वारसा आहे.